वीज परत आली तेव्हा

मारोतराव निनाव्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा त्यांना रिक्षात घालून मेयो इस्पितळात नेणाऱ्यांत श्रावण वायरमनही होता. ज्या मशीननं बोटं खाल्ली, तिची वायरिंग त्यानंच केली होती.

साल चौऱ्याहत्तर. निनावे पिढीजात विणकर. लुगडी उठेनाशी झाली तेव्हा मारोतरावांनी मागाची जागा मोकळी करून तिथं मोटरवर चालणारी गोल करवत बसवली. पाट, चौरंग, खाटेचे पाय असं काम घरबसल्या मिळायचं. श्रावणनं भिंतीवर लोखंडी पेटीचा साधा खटका लावून दिला. वीज परत आली तरी मशीन बंद ठेवणारा स्टार्टर हवा, हे त्याला ठाऊक होतं. पण मारोतराव म्हणाले, "थे मागून पाहू गा, आधी मशीन तर फिरू दे," आणि श्रावणनं मान हलवली. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

त्या दुपारी लाकूड कापता कापता लाईन गेली. पात्याखाली एक ढलपी अडकली होती. ती ओढायला मारोतराव वाकले. खटका चालूच राहिला होता. वीज परत आली आणि पातं आपोआप फिरलं.

पुढं दीड महिना श्रावण त्या गल्लीतून गेला नाही. मग जनाबाईंचा, मारोतरावांच्या बायकोचा, निरोप आला. तो गेला तेव्हा त्या करवतीवरचा भुसा झाडत होत्या.

"मशीन आता मी चालवणार हावो," त्या म्हणाल्या.

"वहिनी, विकून टाका ना तिले."

"माग गेला, आता हेही जाऊ देऊ? तू मले एवढंच सांग. लाईन जाऊन परत आली, तरी मशीन आपल्या मनानं चालू नाई झाली पाहिजे. असं करता येते का?"

श्रावणनं खाली पाहिलं. "येते."

"मंग कर."

दोन दिवस तो खपला. जुना खटका काढून स्टार्टर बसवला. त्याच्या आतली कॉइल वीज असेस्तोवर मोटरला वीज देणारी पट्टी धरून ठेवते. वीज गेली की सोडते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय धरत नाही, हे त्यानं जनाबाईंना उघडून दाखवलं. लाकूड ढकलताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून बंद करायचं दुसरं लाल बटण त्यानं वायर ओढून टेबलाखाली आणलं. जनाबाईंना उभं करून, त्यांचा गुडघा जिथं टेकेल तिथंच ते ठोकलं. लुगड्याचा काठ ओढला जाऊ नये म्हणून मोटरच्या पट्ट्यावर पत्र्याचं झाकण केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केली. आवाज ऐकून ओट्यावरचे मारोतराव उठले आणि पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दारात येऊन उभे राहिले. श्रावणनं मीटरजवळचा मेन स्विच पाडला. पातं हळूहळू थांबलं. त्यानं मेन पुन्हा चढवला. घरातला दिवा लागला. पातं हललं नाही.

तिघंही त्या पात्याकडं पाहत राहिले.

"हे तवाच करता आलं असतं," मारोतराव म्हणाले.

"हो दादा. मले मालूम होतं. तुमी मागून पाहू म्हटलं, पण वायरमन मी होतो. मीच अडून बसाले पाहिजे होतं."

मारोतराव ओट्यावर जाऊन बसले. श्रावण हातातला टेस्टर घेऊन तिथंच उभा राहिला. जनाबाईंनी त्याला पाणी दिलं नाही, की धीर दिला नाही. त्यांनी विचारलं, "असा खटका अजून कोणाकोणाच्या घरी लावला?"

श्रावणनं मनात घरं आठवली. "सात जागी."

"मंग इथं काहून उभा हायेस गा?"

तो निघाला. प्रत्येक घरी जाऊन त्याला तेच सांगावं लागायचं: मारोतरावांची बोटं कशी गेली आणि वायरिंग कोणाची होती. पाचव्या घरीही ते सांगताना जीभ अडखळायचीच. पाच जणांनी ऐकलं. गांधीबागेमागं घरातच लाकूड कातायची खराद चालवणारा कवडू मात्र ऐकेना. "आमच्याकडं आजवर काई झालं का?" म्हणून त्यानं दोनदा श्रावणला परतवून लावलं.

तिसऱ्यांदा श्रावण जायला निघाला तर कोपऱ्यावर मारोतराव उभे. "चाल," एवढंच म्हणाले. कवडूच्या घरी त्यांनी सावकाश पट्टी सोडली आणि हात खरादीवर ठेवला. कवडूनं एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

"लाव बाबा," तो म्हणाला.

काम आटोपून परतताना श्रावण सायकल हातात धरून चालला होता. मारोतराव शेजारून चालत होते. दोघं इतवारीच्या बाजारात पोचले.

"आता कोणाचं राह्यलं?" मारोतरावांनी विचारलं.

"बायजाबाईची पिठाची चक्की. थे कळमेश्वरले राहाले गेली."

मारोतराव थोडं चालले. मग म्हणाले, "सकाळची बस किती वाजता हाय?"