ऋषीचा पिक्चर

समजा, तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि तुमची शाळा नवी आहे. इतकी नवी, की ती समुद्राच्या पलीकडे आहे. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही हातात ट्रे घेऊन "इथे बसू का?" एवढंच विचारता आणि अख्खं टेबल हसतं. वाईट हसत नाही. त्यांना तुमचं बोलणं फार आवडलेलं असतं. "पुन्हा म्हण ना!" असा आग्रह होतो. दोन दिवसांत तुमचं नाव पडतं, प्रिन्सेस. तुमचं घर कसं असेल, तुम्ही कसल्या कपातून चहा पीत असाल, हे त्यांनी आपापसांत ठरवून टाकलेलं असतं. तुम्हाला विचारायचं मात्र राहून गेलेलं असतं.

अशा वेळी तुम्ही काय कराल? सगळं खरं सांगाल, की हसून गप्प बसाल?

कादंबरी गप्प बसली.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ती आईबरोबर इंग्लंडहून अमेरिकेत, ईडन प्रेरी नावाच्या गावी आली. तिची आई नीलांबरी नर्स होती आणि मिनियापोलिसच्या एका हॉस्पिटलात तिला काम मिळालं होतं. इथले लोक धरून चालायचे की त्या लंडनहून आल्या. खरं तर त्यांचं गाव लंडनपासून पाच तास उत्तरेला होतं, आणि त्या गावातही त्या कौन्सिलच्या घरांत राहत. म्हणजे नगरपालिकेने कमी भाड्याने दिलेल्या घरांत. तिथल्या मुलांना गावातली दुकानदार मंडळी दारातूनच हटकायची, "दोघांच्या वर आत यायचं नाही." कादंबरीचे बाबा बस चालवायचे. ती तीन वर्षांची असताना ते वारले. आईने म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करत करत नर्सिंगचं शिक्षण पुरं केलं.

यातलं काहीच ईडन प्रेरीत कुणाला ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती. कादंबरीला एक भाऊ होता. ऋषी, तिच्याहून चार वर्षांनी मोठा.

"कुणी विचारलं तर एकटीच आहे म्हणायचं," आईने विमानात बजावलं होतं. "एक सांगितलं की त्यामागून दुसरा प्रश्न येतो, दुसऱ्यामागून तिसरा. माझ्याच्याने नाही होत गं आता."

म्हणून शेजारच्या प्रीताने विचारलं, "यू हॅव सिब्लिंग्ज?" तेव्हा कादंबरी म्हणाली, "नाही." हा एवढासा शब्द. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

प्रीता तिच्याच वर्गात होती. तिची आई वीणामावशी मूळची पुण्याची, मनाने मोठी आणि तोंडाने अखंड चालू. नीलांबरीची ड्यूटी असली की कादंबरीला ती आपल्याच घरी जेवायला बसवायची. जानेवारीतल्या एका शनिवारी ती लायब्ररीतून एक कागद घेऊन आली.

"हे बघ, तुझ्या देशाचा सिनेमा! आज दुपारी, फुकट. तुला घरची आठवण येत असेल ना? बागा, टेकड्या, टोप्या घातलेल्या बायका, सगळं बघायला मिळेल."

"मम्मा, इट्स गोइंग टु बी सो बोरिंग," प्रीता म्हणाली.

"तुला काय होतंय बोअर व्हायला? तिथे पॉपकॉर्न आहे म्हणे. चल."

कादंबरीने कागदावरचं नाव वाचलं आणि तिच्या हातातला काटा ताटलीतच राहिला. तो ऋषीचा पिक्चर होता.

आता मला थोडं मागं जावं लागेल. ऋषी चौदा वर्षांचा असताना त्यांच्या वस्तीत सिनेमावाली मंडळी आली. त्यांना नट नको होते. वस्तीतलीच खरी मुलं हवी होती, खरे रस्ते, खरे जिने. त्यांनी ऋषीला बसस्टॉपवर पाहिलं आणि घरी येऊन आईची परवानगी मागितली. आईने कागदावर सही केली, आणि आनंदाने केली. सिनेमा पुरा होऊन चार महिने झाले असतील नसतील, तोच एका धुक्याच्या सकाळी शाळेला जाताना ऋषीच्या सायकलला ट्रकने उडवलं. घरी आलेल्या पोलिसाने टोपी काढली, हळू आवाजात बातमी सांगितली आणि मग विचारलं, "ती सायकल त्याचीच होती ना? नवी दिसते, म्हणून विचारतो."

त्यानंतर सिनेमा थिएटरात लागला. त्यात ऋषी चोर होता. लॉन्ड्रीत एक बाई आईला म्हणाली, "पाहिलं तुझ्या मुलाला. बिचारा. घरी कुणी लक्ष द्यायला नव्हतं का?" आईने ओले कपडे तसेच पिशवीत भरले. पुढच्या आठवड्यात तिने अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे अर्ज मागवले.

आईने तो सिनेमा पाहिला नाही आणि कादंबरीलाही पाहू दिला नाही. पण बावीस महिने झाले होते, तिने ऋषीला हलताना, बोलताना पाहिलं नव्हतं. फोटोत तो गप्प असे. त्याचा आवाज तिला आठवायचा, तोही अलीकडे कधीकधी निसटायचा. म्हणून तिने आईला हॉस्पिटलात फोन केला नाही. ती निमूटपणे बूट चढवून गाडीत बसली.

लायब्ररीच्या खालच्या मजल्यावर तीस-पस्तीस खुर्च्या मांडल्या होत्या. दाराशी बर्फाळ बुटांखाली पाण्याची थारोळी झाली होती. समोर पांढरा पडदा. मिसेस लार्सन नावाच्या वयस्क ग्रंथपाल बाईंनी सगळ्यांचं स्वागत केलं आणि दिवे मालवले.

बागा नव्हत्या. राखाडी इमारती होत्या, वाळत घातलेले कपडे होते आणि पहिल्याच मिनिटाला एका मुलाने अशी शिवी दिली, की वीणामावशीने प्रीताचे दोन्ही कान दाबले.

"अगंबाई! हे कसलं इंग्लंड?"

"मम्मा, माझे कान सोड. खाली लिहून येतंय, मला वाचता येतं."

खरंच, त्या मुलांचं इंग्रजी अमेरिकेतल्या लोकांना कळावं म्हणून पडद्यावर खाली इंग्रजीतच ओळी उमटत होत्या. कादंबरीला त्यांची गरज नव्हती. ती बोली तिच्या जिन्यातली होती. आणि मग तो जिना आला. एक मुलगा दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली उतरला, तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. तिचा भाऊ. तीच शिट्टी तो तिला खिडकीत बोलवायला मारायचा.

कादंबरीने खुर्चीची कड घट्ट धरली.

सिनेमात त्याचं नाव रिकी होतं. रिकी दुकानातून सँडविच चोरतो, पकडला जातो, थप्पड खातो. त्याला वडील नाहीत आणि आई कुठेतरी निघून गेली आहे. शेवटी तो कालव्याच्या भिंतीवर आईची वाट पाहत बसतो. थंडी आहे, अंगात नुसता मळका शर्ट. कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही. तो कुडकुडतो, नाक पुसतो. मग एकदा डावीकडे मान वळवून पाहतो. तिथे कुणी नाही. पडदा काळा होतो.

खोलीत कुणीतरी नाक शिंकरलं.

कादंबरीला ती सकाळ पाठ होती, कारण शूटिंग पाहायला तीही गेली होती. नोव्हेंबरचा शनिवार होता, आणि आई पाचला उठली होती. मुलाचं शूटिंग म्हणून तिने निळ्या शर्टाला इस्त्री केली, ऋषीच्या डोक्याला तेल लावून भांग पाडला, खास आणलेलं नवं जॅकेट त्याला घातलं. कालव्यावर पोचल्यावर सिनेमावाल्यांतल्या एका मुलीने हसत हसत त्याचं जॅकेट काढून घेतलं, केस विस्कटले, आणि इस्त्रीच्या कॉलरवर तपकिरी काहीतरी चोळलं. आई घाईने पुढे झाली. "अहो, सिनेमात घालायला म्हणून तर घेतलंय ते!" मुलीने समजावलं. गोष्टीतल्या मुलाकडे असं जॅकेट असू शकत नाही. आईला हसू आलं, मग ती ओशाळली आणि जॅकेट हातावर घेऊन बाजूला उभी राहिली.

मुलांनो, ती माणसं वाईट नव्हती. सुखी घरांतल्या लोकांना गरिबांच्या मुलांची कळकळ वाटावी, म्हणून ती थंडीत राबत होती. आईने त्यांच्यासाठी डबा भरून पोहे नेले होते, आणि कॅमेरावाल्याने दोनदा मागून घेतले. पण कळकळ वाटायला मुलाचा शर्ट मळका लागतो आणि त्याची आई पळून गेलेली लागते, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. शेजारी उभी असलेली आई त्यात कुठे बसवणार?

ते दृश्य सात वेळा घेतलं. प्रत्येक वेळी "कट" म्हटलं, की आई धावत जाऊन ऋषीला जॅकेटात गुंडाळायची, हात चोळायची, आणि पुन्हा जॅकेट घेऊन आपल्या जागी यायची. सातव्या वेळी दिग्दर्शक म्हणाला, "तुझी आई येते का बघ."

ऋषीने पाहिलं. आई तिथेच होती, कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर.

आज पडद्यावर कादंबरीने त्याच्या ओठाचा कोपरा हलताना पाहिला. पुढच्या क्षणाला तो हसला होता आणि ओरडला होता, "आई, झालं का? पोहे उरलेत?" पण तो क्षण सिनेमात नव्हता. हसू यायच्या आत त्यांनी कापलं होतं.

दिवे लागले. मिसेस लार्सन पुढे आल्या. "किती खरं आहे, नाही?" त्या भारावून म्हणाल्या. "यातला कुणीही नट नाही. तिथलीच मुलं आहेत ही. काय वाटलं तुम्हाला या मुलाबद्दल?"

मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी सांगितलं की मुलगा चुणचुणीत आहे, पण अशा वस्तीत अशी मुलं शेवटी तुरुंगातच जातात, चेहऱ्यावरून कळतं. एक बाई म्हणाल्या की त्यांना त्याला घरी आणून सूप द्यावंसं वाटलं.

मग वीणामावशीने हात वर केला. तिचे डोळे लाल झाले होते. ती इंग्रजीत बोलली, आणि अगदी मनापासून बोलली. "मला त्या आईचा राग येतो. पोटचं पोर थंडीत बसलंय आणि हिचा पत्ता नाही. असल्या बायकांना मुलं होतात तरी कशाला?"

माना डोलल्या. प्रीताचीही डोलली. ती कादंबरीकडे वळली. "तू रडतेयस? इट्स ओके, यार. इट्स जस्ट अ मूव्ही."

आता तुम्ही पुन्हा तिच्या खुर्चीत बसून पाहा. आईने सांगितलंय, एकटी आहेस म्हण. बोललं तर आईचा शब्द मोडणार, आणि मागून सगळे प्रश्न येणार. सायकलचा येणार. कौन्सिलच्या घरांचा येणार. सोमवारी शाळेत टेबलावर कुणी प्रिन्सेस म्हणणार नाही, कदाचित दुसरंच काही म्हणतील. आणि गप्प बसलं, तर ही तीस-पस्तीस माणसं घरी जातील आणि जेवताना सांगतील, की एक मुलगा होता, चोर होता, त्याला आई नव्हती.

खुर्च्या सरकू लागल्या होत्या. कुणीतरी कोट चढवत होतं.

कादंबरी उठली. वीणामावशीच्या गुडघ्यांना घासून ती रांगेबाहेर आली.

"अगं, बाथरूम तिकडे आहे," मावशी कुजबुजली.

ती पुढे गेली आणि मिसेस लार्सनना म्हणाली, "तो शेवटचा भाग पुन्हा लावाल? भिंतीवरचा?" आणि पहिल्यांदाच ती तिच्या जिन्यातल्या बोलीत बोलली, शाळेसाठी घासूनपुसून ठेवलेल्या इंग्रजीत नाही. बाईंना दोनदा विचारावं लागलं. मग त्यांनी रिमोट घेतला. ऋषी पुन्हा भिंतीवर आला, कुडकुडला, नाक पुसलं, मान वळवली.

"थांबवा," कादंबरी म्हणाली.

चित्र थांबलं. कोट चढवणारा माणूस एक बाही घालून तसाच उभा राहिला.

कादंबरी पडद्याच्या डाव्या कडेपाशी गेली. कडेच्याही पलीकडे गेली, जिथे चित्र संपत होतं आणि नुसती भिंत होती. ऋषीची नजर जिथे पोचत होती त्या जागी, भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली. तिने वीणामावशीकडे पाहिलं.

"माझी आई इथे उभी होती," ती म्हणाली, आणि मग तिने त्यांना आपल्या भावाचं खरं नाव सांगितलं.