अडतीस वेळा

समुपदेशक बाईंनी दार लावून घेतलं आणि पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"अडतीस," त्या म्हणाल्या.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही, घरी आई. मागच्या वर्षी दादाला, तिच्या मोठ्या भावाला, हा आनुवंशिक आजार निघाला तेव्हापासून तिला हे आकडे तोंडपाठ होते. एका जनुकात तीन अक्षरांचा तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. पस्तीस वेळांपर्यंत आला तर तो माणूस सुटला. चाळीस किंवा वर गेला, की आज ना उद्या मेंदू झिजू लागतो, हातपाय आपले आपण हलतात, तोल जातो, जीभ जड होते. दादाचा आकडा चव्वेचाळीस होता.

"म्हणजे मला होणार की नाही?"

"होईलही, नाहीही. झालाच तर बहुधा उशिरा. छत्तीस ते एकोणचाळीसमध्ये छातीठोकपणे काही सांगता येत नाही."

"बरं. सही कुठे करायची?"

बाईंनी तिच्याकडे बघत कागद पुढे केला. ती रडेल, निदान चिडेल, असं त्यांना वाटलं असावं. तिलाही तसंच वाटलं होतं. पण आत काही हललंच नाही. दात काढण्याआधी सुई देऊन हिरडी बधिर करतात, तसं सगळं अंग झालं होतं.

उठताना ती म्हणाली, "एक काम होतं. बाबांबद्दल दोन ओळी लिहून द्याल?"

बाबा बस चालवायचे. पंचेचाळिशीत ते झोकांड्या खायला लागले, जीभ अडखळायला लागली. पिऊन येतात म्हणून नोकरीवरून काढलं. मोठ्या काकांनी तर मयताला जमलेल्या सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "दारूनं गेला माझा भाऊ." त्याला एकवीस वर्षं झाली. बाबांची तपासणी आता होणं शक्य नव्हतं. पण आईचं रक्त तपासलं होतं आणि तिच्यात काही दोष नव्हता. दोन्ही मुलांत तो आला होता, म्हणजे कुणाकडून ते उघडच होतं. बाईंनी तसं लिहून शिक्का मारून दिलं.

घरी आईनं दारातच विचारलं, "काय निघालं तुझं?"

"अधलंमधलं. धड हो नाही, धड नाही पण नाही."

आईनं तिच्या गालावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग चष्मा लावून पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"चप्पल घाल."

"कुठे आता?"

"तुझ्या काकांकडे."

काका ऐंशीचे झाले होते, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. आईनं पत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. वाचून झाल्यावर म्हणाले, "मला काय स्वप्न पडलं होतं का? सगळेच म्हणायचे."

"मीही म्हणायचे," आई म्हणाली. "रोज कामावरून आले की दारात उभं करून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे, पोरांसमोर. वास कधी आला नाही, भाऊजी. एकदाही नाही. मला वाटायचं, काहीतरी चघळून येतात."

काकांनी मान खाली घातली.  मग म्हणाले, "या कागदाची एक प्रत मला देशील? ज्यांच्यासमोर बोललो, त्यातले काही अजून आहेत."

आईनं पत्र तिथेच सोडलं.

परतताना दोघी चालतच निघाल्या. रस्त्याच्या कडेला पाइपसाठी खणलं होतं, म्हणून तिनं आईचा दंड धरला. बाबा दारात उभे, तोंड उघडलेलं, हे तिला लख्ख आठवत होतं. त्यानंही डोळ्यांत पाणी आलं नाही.

"भीती वाटते का गं?" आईनं विचारलं.

"काहीच वाटत नाही, आई. कशाचंच."

"मग वाटेल तेव्हा सांग. रात्रीबेरात्री उठव. एकटीनं गिळून बसू नकोस."

"हो."

चार दिवसांनी काकांचा फोन आला. तिघांना पत्र दाखवून झालं होतं, चौथा परगावी होता. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. लेकीनं मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा तपासणीला जायचं ठरवलं, पहिली तारीख घेतली आणि लॅबमध्ये त्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. 'कारण' या रकान्यात काय लिहावं, हे तिला बराच वेळ सुचलं नाही. मग तिनं 'घरगुती' असं लिहिलं.