चोर कुठून आला

“ही सुकदेवनी सव्वा मूठ. ही भटूनी सव्वा मूठ.”

सासूबाईंचा हा आवाज प्रमिलाबाईंनी पहिल्यांदा ऐकला त्याला पस्तीस वर्षं झाली. नशिराबादचं घर, लग्नानंतरचा पहिला श्रावण. कानबाई देवीची स्थापना होण्याआधी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याच पिठाचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनी मिळून खायचे, ही खान्देशातली रीत. नवी सून सूप धरून बसली होती आणि सासूबाई मोजता मोजता, कानबाई घरी आली की सगळा दाणा तिचाच, असं गुणगुणत होत्या:

दोन मुठी, एक सूप, कोना दाना कोना शे?
माय कानबाई घर उनी, बठ्ठा दाना तिना शे.

सासूबाई गेल्या आणि एका सुपाची दोन सुपं झाली. दिवस उरकताच थोरला म्हणून प्रमिलाबाईंच्या नवऱ्याने, सुकदेव सरांनी, कानबाईचा चांदीचा मुखवटा आणि सोन्याची नथ पितळी डब्यात घातली, डबा स्कूटरच्या डिक्कीत टाकला आणि धुळ्याला, देवपूरच्या घरी आणला. धाकटा भटू एवढंच म्हणाला होता, की आईचं सगळं अंथरुणातलं मी केलं, तर कानबाई माय इथंच राहू दे. त्यावर सर जे बोलले ते प्रमिलाबाई अजून मनातसुद्धा पुन्हा म्हणत नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली. रोट वेगळे, बोलणं बंद, भटूची सावली उंबऱ्यावर पडता कामा नये असा सरांचा हुकूम.

आणि या आषाढात तो पितळी डबा रिकामा निघाला होता.

सरांची सगळी नोकरी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवण्यात गेली. घरात चोरी झाली म्हटल्यावर ते कॅमेरेवाल्यांच्या पॅकेजला भुलणारे नव्हते. कुणीतरी येऊन आपल्या भिंतींना भोकं पाडणार आणि आपण चहा पाजत बसणार, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी आलेखाचा कागद काढला, पट्टी घेतली आणि घराचा नकाशा काढला. दारं लाल, खिडक्या निळ्या. मग जुन्या विद्यार्थ्याला, गल्ली नंबर पाचमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवणाऱ्या हितेंद्रला, नमुने घेऊन बोलावलं.

हितेंद्रने जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या डब्या मांडल्या. दाराला लावायची चुंबकाची जोडी. कोपऱ्यात बसून माणसाची हालचाल ओळखणारा डोळा. खिडकीच्या गजांना कुणी हात घातला तर थरथर टिपणारी टिकली. सगळे बिनतारी, सेलवर चालणारे. सर एकेक हातात घेऊन उलटसुलट करत होते. वायफायवरचे त्यांनी सरळ बाजूला सारले. लाइट गेली की राउटर गेला, आणि चोर काही लाइटीची वाट बघत थांबत नाही. स्वतःचं रेडिओ केंद्र असलेले, आत बॅटरी असलेले तेवढे ठेवले. हालचालीच्या डोळ्यावर मात्र त्यांचा विश्वास बसेना. तो अंगाची ऊब ओळखतो म्हणे. वैशाखात इथल्या भिंती माणसाच्या अंगापेक्षा तापतात, मग तो काय ओळखणार? हितेंद्र म्हणाला, सर, भिंत चालत येत नाही ना. एरवी सर हसले असते. हल्ली ते हसत नव्हते.

मग हितेंद्रने साधासाच प्रश्न विचारला.

“सर, चोर आला कुठून? तेवढं कळलं की कुठला सेन्सर घ्यायचा ते आपोआप ठरतं.”

सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. चहाचा ट्रे घेऊन प्रमिलाबाई तिथे उभ्या होत्या. त्यांनी ट्रे डब्यांशेजारी टेबलावर ठेवला.

जेठातली दुपार होती ती. सर जुन्या सहकाऱ्याच्या घरच्या लग्नाला दोन दिवस चोपड्याला गेलेले. बेल वाजली आणि दारात भटू. अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका सैल. जळगावला आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे हे त्यांनी ऐकलं होतं, डोळ्यांनी आज पाहिलं. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी टेकला. चहा घेतला तोही अर्धाच, त्याला पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं.

“वहिनी,” तो म्हणाला, “एक साल माय मना घर येऊ द्या. पुढला सालनं मी काय सांगू?”

प्रमिलाबाई आत गेल्या, डबा उघडला, मुखवटा आणि नथ धुतलेल्या टॉवेलात बांधली आणि त्याच्या हातात दिली. दादाला आदल्या दिवशी सांगा, माय जिथं आहे तिथं दादाला यावंच लागेल, असं भटू सांगून गेला. एका ताटाभोवती दोघे भाऊ बसलेत असं चित्र त्या दोन आठवडे मनाशी रंगवत राहिल्या.

पण सरांना मुखवटा आधीच सोनाराकडे उजळायला न्यावासा वाटला. रिकामा डबा मांडीवर घेऊन ते जमिनीवर बसले आणि म्हणाले, “आईचा चेहरा नेला गं कुणीतरी.” प्रमिलाबाईंनी तोंड उघडलंही होतं. तोवर ते उठले, चपला घातल्या आणि चौकीवर गेले. परत आले ते तक्रारीची प्रत घेऊनच. आता भटूचं नाव घेतलं तर ते त्या कागदावर चोर म्हणून चढणार होतं. मी चोपड्याला होतो तेव्हा तू घरातच होतीस ना, असं सरांनी विचारलं, आणि प्रमिलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, की पहिल्या दिवशी दुपारी कुलूप लावून मंदिरात भजनाला गेले होते.

एवढंसं खोटं. त्यावर आता अख्खा नकाशा उभा राहत होता.

हितेंद्र विचारत गेला, सर सांगत गेले. मागच्या दाराला आतून कडी, कडीला कुलूप. गच्चीचं कुलूप इतकं गंजलेलं की तेल सोडल्याशिवाय फिरत नाही. खिडक्यांचे गज सरांनी स्वतः स्क्रू ड्रायव्हरने ठोकून पाहिले होते, एकही सैल नाही, कोळ्याची जाळीसुद्धा जागच्या जागी. म्हणून थरथरीच्या टिकल्या नकोत. सर नकाशावर एकेक खिडकी खोडत होते. शिकवताना फळ्यावर बिघाड शोधायचे तसेच. हे नाही, ते नाही, मग उरलं काय? उरलं पुढचं दार. कुलपावर ओरखडा नाही.

“म्हणजे किल्ली,” सर म्हणाले.

किल्ल्या तीन. एक सरांची, एक प्रमिलाबाईंची. तिसरी द्रौपदाबाईची. द्रौपदाबाई नऊ वर्षं या घरी भांडी-फरशी करत होती. घरी कुणी नसलं तरी काम अडू नये म्हणून सरांनीच तिला किल्ली करून दिली होती. सरांनी नकाशावरच्या लाल दाराशेजारी तिचं नाव लिहिलं. मास्तरचं वळणदार अक्षर. काना, मात्रा, सगळं जिथल्या तिथं.

“मग सेन्सर कशाला घेताय सर,” हितेंद्र हळूच म्हणाला, “कुलूप बदला.”

सरांनी चुंबकाच्या दोन जोड्या आणि एक भोंगा ठेवून घेतला. हितेंद्र गेल्यावर त्यांनी द्रौपदाबाईला बोलावून किल्ली मागून घेतली आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. आवाज चढवला नाही. ती पदराला हात पुसत उभी राहिली, एकदा प्रमिलाबाईंकडे पाहिलं आणि गेली. चार दिवसांत गल्लीतल्या आणखी दोन घरांनी तिला नको म्हटलं. तिच्या थोरल्या मुलीला बघायला साक्रीकडचे पाहुणे येणार होते, त्यांनीही निरोप धाडला की पुढं बघू. हे सगळं भाजीच्या गाडीवर बायका बोलत होत्या आणि प्रमिलाबाई गिलकी निवडत होत्या, एकच गिलकं उचलत आणि ठेवत.

आता भांडी त्या स्वतः घासत. पांझरेला यंदा अजून पाणी नव्हतं; नदीकडून कुबट वास यायचा आणि दिवसभर आभाळ नुसतं डोक्यावर बसून असायचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. बारा दिवस राहिले, मग नऊ. तेवढे दिवस आपण गप्प राहिलो तर भटूच्या घरी माय बसेल. सांगितलं तर सर त्याच पावली नशिराबाद गाठतील आणि आजारी भावाच्या देव्हाऱ्यातून मुखवटा उचलून आणतील, आणि तेही पोलिसांना बरोबर घेऊन. द्रौपदाबाईची माफी नंतर मागता येईल, तिचं काम नंतर परत देता येईल. भटूला नंतर नाही. असं त्या स्वतःला समजावत, आणि समजावताना दर वेळी त्या मुलीचे पाहुणे मध्ये येत.

राहिले चार दिवस. बुधवारी सकाळी सर स्टुलावर चढले. चुंबकाचा एक तुकडा चौकटीला, एक फळीला. दोघांत बोटभर अंतर पडलं की आतला भोंगा बोंबलणार. प्रमिलाबाईंनी हातात स्क्रूची डबी धरली होती.

उघड, सर म्हणाले. प्रमिलाबाईंनी दार उघडलं. भोंगा किंचाळला. लाव. भोंगा थांबला. उघड. सरांनी चार-पाच वेळा तसंच करून घेतलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान आलं. आता दार केव्हा उघडलं तेही मोबाइलमध्ये मिनिटासकट राहतं, ते म्हणाले. ही अक्कल आधी सुचली असती तर त्या दिवशीची वेळ आज दाखवता आली असती, आणि आईचा चेहरा असा गेला नसता. स्टुलावर उभा तो म्हातारा माणूस पोरका दिसत होता, आणि त्याला पोरकं आपण केलंय, हे प्रमिलाबाईंना त्या क्षणी फार जवळून कळलं.

मग सरांनी इस्त्रीचा सदरा घातला. चौकीत द्यायचा, द्रौपदाबाईवर संशय घेणारा पुरवणी जबाब लिहून तयार होता, त्याला नकाशा जोडायचा होता. फाइल शोधायला ते दार लावून आतल्या खोलीत गेले; प्रमिलाबाई ओट्यावर सांडलेले स्क्रू वेचत राहिल्या.

फाटकाशी कडी वाजली. द्रौपदाबाई होती. हातात दोन लुगडी, धुऊन, घडी करून. गेल्या दोन दिवाळ्यांना प्रमिलाबाईंनीच दिलेली.

“घ्या अक्का,” ती म्हणाली. “चोरणीच्या अंगावर तुमचं लुगडं बरं नाही दिसत.”

प्रमिलाबाईंचे हात पुढे झाले नाहीत. द्रौपदाबाईने लुगडी ओट्याच्या कठड्यावर ठेवली आणि आवाज आणखी खाली आणला.

“मंदिराच्या पायऱ्या मी झाडते अक्का. तुम्ही भजनाला होता असं गल्लीत म्हणतात, पण त्या दिवशी भजन नव्हतं. मी सरांना सांगितलं नाही, कुणालाच नाही. म्हटलं, तुमचं तुमच्या तोंडून निघू द्यावं. आज चौकीत जाणार म्हणे सर, म्हणून आले. जाते.”

तिने रागाने फाटक आपटलं असतं तर सोपं गेलं असतं. तिने ते लोटलं, कडी नीट बसवली आणि चालायला लागली. प्रमिलाबाईंनी तिला हाक मारली, थांब म्हणाल्या. ती थांबली, पण वळली नाही.

सर फाइल काखेत घेऊन बाहेर आले. दार उघडताच भोंगा ओरडला. तो बंद करायला मोबाइल काढून ते चष्मा कपाळावर सारत उभे राहिले. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. भोंगा थांबला. प्रमिलाबाईंनी सरांच्या काखेतल्या फाइलीवर हात ठेवला.

“चौकीत जाऊ नका,” त्या म्हणाल्या. “चोर आलाच नाही. भटूभाऊजी आले होते. बेल वाजवून, दिवसाउजेडी. दार मी उघडलं. भजनाला मी गेलेच नव्हते. भाऊजी फार दिवसांचे नाहीत हो, माय एकदा घरी हवी म्हणाले, मला नाही म्हणवलं नाही. मला काय बोलायचं ते बोला, घरातून काढायचं तर काढा, पण रविवारपर्यंत तिला तिथून हलवू नका. द्रौपदाबाईनं या घरातून काही नेलं नाही. मी दिलं.”