नव्या नवरीचे मोकळे हात

सकुबाई गेल्याचा फोन आला तेव्हा तिचा नवरा कोंडू शहापूरच्या लॉजवर प्रशिक्षणाला बसला होता. फसवून आणलेल्या मुली कशा ओळखायच्या, ते एक मॅडम तिथल्या कामगारांना सांगत होत्या. तो अर्ध्यातूनच उठला. सवाष्ण गेली म्हणून बाजारातून तिच्यासाठी हिरवा चुडा घेतला आणि घरी पोचला.

कार्य उरकून तो कामावर आला, त्याच दिवशी एक जोडपं उतरलं. कोंडूने खोलीत पाणी नेऊन ठेवलं. मुलीच्या गळ्यात कोरं मंगळसूत्र होतं, पण हात मोकळे.

"गाव कंचं गो तुझं?" त्याने विचारलं.

तिने माणसाकडे पाहिलं. "मुरबाड," उत्तर त्यानेच दिलं.

कोंडू खाली मॅनेजरकडे गेला. "संदेशशेठ, नवी नवरी नि हातात बांगडी नाय, असं कसं?"

"कोंडूमामा, तुम्ही काय कासार झालात? कोर्टात लग्न केलं असेल."

"आसंल. पण मुरबाड म्हणायला त्या पोरीची जीभ का अडली? अशा टायमाला काय करायचं सांगितलं मॅडमनी? मी उठून गेलेलो."

संदेशचं हसू गेलं. "आपण विचारत बसायचं नाही, एकशे बाराला कळवायचं," म्हणत त्याने फोन उचलला.

पोलीस आले तेव्हा दोघं खोलीतच होती. मुलगी अल्पवयीन निघाली. तो तिचा कुणीच नव्हता आणि मुरबाडही तिचं नव्हतं.

कोंडू अजून पोलिसांकडे तिची चौकशी करतो. तिचं घर सापडायचं बाकी आहे.