बोटभर शेपटीचा बाप

मित्रांनो, माझी शेपटी बोटभर आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे तुम्ही हसायला मोकळे. मी मेल्बा जातीचा एक म्हातारा पक्षी. चिमणीपेक्षा लहान, तोंड लाल, पंख हिरवे, पोटावर बारीक नक्षी. दिसायला वाईट नाही हो! पण हैदराबादेत, कुकटपल्लीच्या आबासाहेबांच्या परसातल्या जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात माझ्याकडे बघायला वेळ आहे कोणाला?

तसे माझेही दिवस होते. आबासाहेबांनी मला आणि माझ्या जोडीदारणीला आणलं, तेव्हा सगळा पिंजरा आमचा होता. मी काथ्याचं घरटं विणलं, आम्ही पाळीपाळीने अंडी उबवली. आबासाहेब रोज सकाळी वाटीत वाळवी आणून ठेवायचे, कारण आमची पिल्लं नुसत्या दाण्यावर जगत नाहीत. मी गायला लागलो की ते चहा हातात धरून थांबायचे. "हौ रे माझ्या वाघा!" म्हणायचे.

मग नवाब आला. हा व्हायडा जातीचा नर. केशरी छाती आणि अंगाच्या दुप्पट लांब काळी शेपटी. बरोबर दोन बायका. शेजारीपाजारी बघायला यायचे, "क्या दुम है मियाँ!" म्हणायचे आणि फोटो काढताना मला जाळीवरून हुसकावायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. कहर म्हणजे तो गायचा आमचंच गाणं! तीच शीळ, तीच गिरकी. लोक म्हणायचे, "गातोही काय सुरेख!" चोर तो चोर, वर शिरजोर! हंगाम सरला की त्याची शेपटी गळायची आणि तो चिमणीसारखा मळकट दिसायचा. तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. खोटं कशाला बोलू?

त्याच्या बायका घरटं म्हणून बांधायच्या नाहीत. आमच्याच घरट्याभोवती घुटमळायच्या. एकदा मी धावून गेलो आणि एकीची दोन पिसं उपटली. नेमकं ते आबासाहेबांनी पाहिलं.

"हा लई भांडखोर झालाय," ते सुनेला, प्रियदर्शिनीला म्हणाले. "ह्याच्या भीतीनंच नवाबाच्या बायका अंडी घालंनात."

झालं! आम्हा दोघांना एका लहान पिंजऱ्यात घालून मागच्या पडवीत वॉशिंग मशीनवर ठेवलं. नवाबासाठी मात्र बेगम बाजारातून चार नव्या टोपल्या आणून टांगल्या. एकीला तर झालरसुद्धा होती. मशीन कपडे पिळायला लागलं की आमच्या पायाखालची काठी थरथरायची. मी गात असलो तर माझी शीळ मध्येच कापायची. पुढे मशीन बंद असलं तरी तो कंप राहिलाच. पडवीतून नवाबाची शीळ ऐकू यायची, स्वच्छ आणि सरळ. मी जळून खाक व्हायचो.

सगळा हंगाम गेला तरी टोपल्या रिकाम्याच. एके सकाळी आबासाहेब म्हणाले, "ही मेल्बाची जोडी देऊन टाकतो कुणाला तरी."

प्रियदर्शिनी मोबाइल घेऊन धावतच आली. "आबा, थांबा! हे वाचा. व्हायडा घरटं बांधतच नाहीत. त्या मेल्बाच्या घरट्यात अंडं घालतात आणि पिल्लू मेल्बाच वाढवतात. तुम्ही दाईलाच घराबाहेर काढलंत!"

आबासाहेबांनी कपाळावर हात मारला. स्वतःच्या हाताने आम्हाला परत सोडलं. "चुकलं रे माझं, राजा," म्हणाले. मी तोंड फिरवलं.

पुढच्या हंगामात आमच्या घरट्यात आमची तीन अंडी होती, आणि एक चौथं, जरा मोठं. मला कळलं नाही असं समजू नका. नवाबाचं पोर मी का पोसावं? उबवायची पाळी माझी होती. ढकलून द्यायला मी चोच लावलीसुद्धा. पण ते बाकीच्यांइतकंच कोमट होतं. मी मुकाट्याने त्याच्यावर बसलो. पिल्लं निघाली, आणि सगळ्यात मोठा आ त्यानेच वासला. पहिली वाळवी मी त्यालाच भरवली.

दीडेक वर्षाने त्याला शेपटी फुटली. पुन्हा लोक जमले, पुन्हा फोटो. मी कोपऱ्यात फुगून बसलो होतो. माझा आवाज तोवर बसला होता. तेवढ्यात तो गायला लागला. तीच शीळ, तीच गिरकी, आणि मध्येच एक कंप! मित्रांनो, तो कंप जगात दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याच्या गळ्यात नाही. तो मशीनवरचा आहे. तो माझा आहे. तेव्हा मला नवाबाचंही कोडं उलगडलं. त्याने माझं गाणं चोरलंच नव्हतं. त्यालाही कुठेतरी बोटभर शेपटीच्या बापाने वाढवलं होतं.

म्हणून सांगतो, लांब शेपटीला खुशाल टाळ्या वाजवा, पण एकदा कोपऱ्यातही बघा. तिथली वाटी रिकामी नाही ना, एवढं पाहा. आणि भांडणाऱ्याला बाहेर काढण्याआधी तो कशासाठी भांडतोय, ते विचारा.

हेवा अजून वाटतो, नाही कशाला म्हणू? पण काल एका पाहुण्याने त्या पोराकडे बघत विचारलं, "कुणाचं हो हे पिल्लू?"

आबासाहेबांनी नवाबाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी कोपऱ्यात माझ्याकडे बोट दाखवलं.

मी शेपटी ताठ केली. बोटभर का होईना!