खैरानचा परवाना

“फैलका बेट कसं काय?” उदयनं नकाशावर बोट ठेवलं.

“उत्तम. बोटीत चढताना ओळखपत्र बघतात, रजिस्टरात नाव लिहितात. पळून जाऊन लग्न करायचंय ना तुला? मग रीतसर सही करूनच पळ,” मी म्हणालो.

“मग साल्मिया?”

“वा! सनईवालाही सांग. शुक्रवारी अर्धं मराठी मंडळ तिथं पाय मोकळे करायला येतं. तू माळ घालतोस न घालतोस तोच कुणीतरी नाशिकला पत्र टाकेल.”

वीणा तोंडावर पदर धरून हसली. इथं आखातात १९७९चा मार्च चालू होता. अब्बासियातल्या माझ्या खोलीत, माझ्याच खाटेवर नकाशा पसरून आम्ही तिघं लग्नासाठी जागा शोधत होतो. उदय दाबके आमच्याच कंपनीत, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत टेक्निशियन. वीणा केळुसकर मालवणची, इथल्या एका इस्पितळात नर्स. तिचे वडील मासेमारी करत. गाबिताची पोर सून म्हणून घरात आली तर मी विहीर जवळ करीन, असं उदयच्या आईनं कळवलं होतं. वकिलातीत लग्न करायचं तर नोटीस महिनाभर फळ्यावर लागते, आणि तो फळा वाचल्याशिवाय आपला माणूस तिथून हलत नाही. म्हणून आधी मंगलाष्टकं, नोंदणी मागाहून, असं ठरलं.

आता माझ्याविषयी. लक्ष्मीकांत हर्डीकर, मूळ गुहागरचा, कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट. पास, परवाना, इथं राहण्याचा इकामा, कागद कुठलाही असो, हर्डीकरकडे जा, अशी माझी ख्याती होती. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, ती बरीचशी मीच पसरवली होती.

“काका, मला समुद्र हवा,” वीणा म्हणाली. “माझ्या घरचं कुणी येणार नाही. समुद्र तरी घरचा असू दे.”

मग मी खैरान काढलं. थेट दक्षिणेला, सौदीच्या हद्दीजवळ. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी, आणि कंपनीनं कुंपण घालून राखलेला एक किनारा. तिथं चिटपाखरू नसतं. फक्त तिथं एकट्या पुरुषांना, एकट्या बायकांना सोडत नाहीत. फॅमिली लागते, मॅनेजरची सही लागते आणि पोलीस ठाण्याचा शिक्का लागतो.

“होईल?” उदयनं विचारलं.

“हर्डीकर बसलाय ना!” मी म्हणालो.

जाताना वीणा दारात थांबली. “काका, आणखी एक. कन्यादान तुम्ही करायचं.”

मला दोन मुलगे, गावी. मुलगी नाही. मी नुसतीच मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी परवाना टाइप केला. मिस्टर उदय दाबके. खाली, मिसेस वीणा उदय दाबके. आपल्याकडे नवरा तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. ते मी टाइपरायटरवर लिहिलं, इतकंच माझ्या मनात होतं. शिवाय फॅमिलीचा प्रश्न सुटत होता. मॅनेजर माझे कागद वाचत नसे, त्यानं सही ठोकली. फहाहीलच्या ठाण्यातून शिक्काही मीच आणला.

वीणानं कागद दोनदा वाचला.

“काका, हे नाव अजून माझं नाही झालं.”

“दोन तासांचा तर प्रश्न.”

“पण माझ्या कार्डावर बाबांचं नाव आहे. वीणा जगन्नाथ केळुसकर.”

“अगं, तेरा वर्षं कागद करतोय मी इथं. कागदातलं तू मला शिकवू नकोस!”

तिचं बरोबर होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच मी आवाज चढवला होता. सही झालेला, शिक्का बसलेला कागद फाडून परत मॅनेजरपुढं उभं राहायचं म्हणजे हर्डीकर चुकला म्हणून सांगायचं. ते मला जमलं नाही.

शुक्रवारी सकाळी निघालो. गाडी कंपनीची, ड्रायव्हर अकबर, रत्नागिरीकडचा, आमच्या मर्जीतला. वीणा पिवळ्या साडीत. तिच्या मांडीवर पिशवी, तिच्यात मुंडावळ्या, दोन हार आणि तांदूळ घातलेलं स्टीलचं ताट. अंगठी उदयच्या खिशात. मी पुढं बसून मंगलाष्टकं घोकत होतो. रिफायनरीच्या चिमण्या मागं पडल्या आणि डावीकडे निळी रेघ उघडली.

“अकबरभाई, समुद्र दिसाक लागलो!” वीणा लहान मुलीसारखी ओरडली.

तिथून मैलभरावर चौकी होती.

पोलीस पोरसवदा होता, रागीट वगैरे अजिबात नव्हता. त्यानं परवाना घेतला, सगळ्यांची कार्डं घेतली. वीणाचं कार्ड बराच वेळ परवान्याशेजारी धरलं. अरबांत बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावते. ते बापाचं नाव बदललं म्हणजे माणूसच बदललं. हे मला तेरा वर्षं ठाऊक होतं हो!

“जगन्नाथ कौन? उदय कौन?” त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं. “बाप दो है?”

त्यानं निकाहाचा कागद मागितला. तो कुठला असणार? मग त्यानं परवाना माझ्यापुढं धरला. खाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती, माझीच.

“ये किसने लिखा?”

माझ्या डोळ्यांपुढं काय काय आलं. इकामा. मुलांच्या शाळा. गावचा अर्धा बांधलेला गोठा. सगळं मिळून दोन श्वासांचा वेळ गेला असेल. मग मी अंगठ्यानं मागं दाखवलं आणि म्हणालो, “मैंने टाइप किया, साब. इसने बोला, शादी हो गया है.”

उदय काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तो गुडघ्यांकडे बघत बसला होता. आम्ही दोघं बापे, पुरुषमाणसं; एक बाप होणार होता, एक नवरा. दोघांचीही वाचा बसली.

“हां,” वीणा म्हणाली. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसा स्वच्छ, शांत आवाज. “मैंने बोला था.”

ठाण्यात चार तास गेले. आम्हा दोघांना तंबी देऊन सोडलं. वीणाला मात्र बसवून ठेवलं आणि तिच्या इस्पितळाला फोन गेला. परक्या पुरुषाची बायको म्हणून खोटं नाव लावलं, असं तिच्या कागदावर चढलं आणि तिची नोकरी गेली. आठ दिवसांत देश सोडायचा हुकूम झाला.

परतताना अकबर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “पोरीन तुमची अब्रू राखलान, भाऊ. तुमी तिचे बापूस होनार होतात ना?”

मला गाडीतून उडी मारावीशी वाटली. मारली नाही. तेवढी लाज तरी कुठं होती?

पिशवी गाडीतच राहिली होती; घरी आल्यावर तिच्यातून ताट निघालं. तांदूळ कोरे होते, बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. माझ्याच खोलीत राहणाऱ्या सुरेशनं विचारलं, खिचडीला घेऊ का? मी हो म्हणालो, आणि जेवायला बसलो नाही.

विमानतळावर मी गेलो. उदय आला नाही, त्याची शिफ्ट होती म्हणे. वीणानं देश सोडण्याचा फॉर्म माझ्यापुढं केला. “तुम्हीच भरा, काका. तुमचं अक्षर सुरेख आहे.”

मी पेन काढलं. वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी ते थांबलं.

“वडिलांचं नाव जगन्नाथ,” ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला वाटलं, काकांना आठवत नाही.

मला सांगायचं होतं, पोरी, मी नीच माणूस आहे. म्हणालो काय, तर “खिडकीची जागा माग.” ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावून आत गेली. मी आशीर्वादसुद्धा दिला नाही. कुठल्या तोंडानं देणार?

उदय सहा महिन्यांत मालवणला जाणार होता. गेला नाही. मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानं मला कधी विचारलं नाही; कँटीनमध्ये आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागलो.

ब्याऐंशीच्या डिसेंबरात तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. नाशिकला लग्न करून आला होता. फॅमिली व्हिसाचा अर्ज करायचा होता.

मी कागद चढवला. “बायकोचं नाव?”

“नीला. नीला उदय दाबके.”

“पासपोर्टावर काय आहे?”

“माहेरचंच आहे अजून.”

“मग तेच सांग.”

त्याला सासऱ्याचं नाव चटकन आठवेना. तो खिशातून पासपोर्टाची प्रत काढू लागला. तोवर माझी बोटं आपोआप पुढं गेली होती. वीणा, एवढं उमटलं होतं कागदावर. उदयनं ते पाहिलं. मी कागद ओढून काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि दुसरा चढवला.

“हं,” मी म्हणालो. “वडिलांचं नाव सांग.”

तो सांगू लागला. मी एकेक अक्षर त्याला परत विचारून टाइप केलं.