कवडी कापसाचं छत

दिवाळीच्या तोंडावर आठ दिवस पाऊस लागला आणि सदाशिवरावांच्या वावरातला फुटलेला कापूस झाडावरच भिजला. पिवळा पडला, कुठं कुठं पार तपकिरी. अशा डागी मालाला आमच्या भागात कवडी म्हणतात. त्या साली चांगल्या कापसालाच भाव नव्हता, कवडीला कोण विचारतो? मारेगावच्या व्यापाऱ्यानं गाठोडं सोडलं, बोटानं उकरलं आणि नाक मुरडलं. सदाशिवरावांनी गाडी तशीच माघारी आणली.

पण फेकून देतील तर ते सदाशिवराव कसले! मार्चात ऊन तापलं, हॉलच्या छपराची टिनं तव्यासारखी झाली, तेव्हा त्यांनी एक टिन उचकटलं आणि सगळी कवडी आत लोटली. खालून पीओपीचं पांढरंशुभ्र छत, त्यात गोल भोकं पाडून बसवलेले सहा हॅलोजन, आणि त्या सगळ्यावर हातभर कापूस. "माह्या नातीले थंडं वाटलं पायजे," म्हणाले.

आणि खरंच वाटलं. दीड वर्षांची नयन घामोळ्यानं दुपारभर किरकिरायची, ती पाळण्यात दोन-दोन तास झोपायला लागली. शेजारपाजारचे पाहून गेले. "व्यापाऱ्यानं हाकललं, पण माह्या कापसानं घर थंडं केलं का नाही?" सदाशिवराव प्रत्येकाला विचारत. नयनची आई शाल्मली, तिलाही बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोला. लेकरू झोपलं की सुनेला तेवढीच सवड.

मग एका दुपारी पाळण्यावरचा दिवा आपोआप गेला. उन्हासाठी खिडक्या लावून घेतलेल्या, म्हणून सहाही दिवे चालू होते. पाच राहिले, एक गेला. पंधरा मिनिटांनी आपल्या मनानं परत लागला. शाल्मलीनं वर पाहिलं. दिव्याभोवती चहाच्या कपाखाली उमटतं तसं तांबूस कडं उमटलं होतं. आणि वास येत होता. इस्त्री सुती ओढणीवर विसरली की येतो तो.

तिनं आधी नयनला उचलून स्वयंपाकघरात सासूजवळ ठेवलं. मग मेन बंद केलं, स्टूल घेतलं आणि फडक्यात धरून दिवा खाली ओढला. फडक्यातूनही बोट चटकलं. भोकातून मूठभर कापूस तिच्या ओंजळीत आला. गरम, खरपूस तपकिरी.

पुसदला बँकेत असलेल्या नवऱ्याला तिनं फोन लावला. अभिषेक म्हणाला, "बाबाच्या मधात मी नाही पडत. तू त्यायलेच सांग."

मग तिनंच सांगितलं.

सदाशिवरावांनी तो कापूस हातात घेतलासुद्धा नाही. "कवडी हाय व ते! कवडी तपकिरीच राहते. पन्नास वर्षं झाले कापूस पाहून राह्यलो मी, अन् तू मले कापसाचा रंग शिकवतं?"

"दिव्याजवळचा जळून राह्यला, मामाजी."

"डागी हाय. पावसाचा डाग."

सासू विमलताई नयनला कडेवर घेऊन दाराशी आल्या. "अव माय, लेकरू आता कुठं झोपाले लागलं, अन् तू तेच काढाले निघाली? कायले उकरून राह्यली?"

शाल्मली उठली, बोर्डापाशी गेली आणि हॉलच्या फ्यूजची ग्रिप उपटून कमरेला खोचली. आता मेन चालू केलं तरी हॉलचे दिवे लागणार नव्हते. सासऱ्यासमोर आवाज न चढवणारी ती सून, पण ग्रिप काही दिली नाही.

"हे काय?" सदाशिवराव उभे राहिले.

"रंग नका पाहू, मामाजी. तार काढा."

कापूस चिमटीत धरून ताणायचा, तंतू अंगठ्यावर सरळ करायचे, लांबी आणि जोर पाहायचा. याला तार काढणं म्हणतात. पंचक्रोशीत सदाशिवरावांसारखी तार काढणारा दुसरा नव्हता. शाल्मलीनं स्टुलावर चढून दूरच्या कोपऱ्यातल्या भोकातून, दिव्यापासून लांबचा, एक पुंजका काढला. दाराच्या उजेडात दोन्ही त्यांच्यापुढं धरले. दिसायला सख्खे भाऊ.

कोपऱ्यातला पुंजका त्यांनी ताणला. डागी असला तरी चांगली बोटाच्या पेराएवढी तार निघाली. "पाह्य!" ते म्हणाले. मग दिव्याजवळचा घेतला. ताणला. तार निघाली नाही. दुसऱ्यांदा चिमटीत धरला तर भुगा झाला आणि खाली सांडला.

त्यांनी अंगठ्याला चिकटलेला भुगा चोळला. मग धोतराला हात पुसत म्हणाले, "बळीरामले बोलाव."

बळीरामनंच ते हॅलोजन बसवले होते. त्यानं वायर ओढून पाहिली तर तिचं आवरण वाळल्या पापडासारखं तुटलं. जीभ चावून म्हणाला, "एलईडी लावून टाकू, काका. त्याची इतकी आग नाही होत. कापूस राहू द्या वरच."

सदाशिवरावांचा चेहरा उजळला. "ऐकलं? राहू द्या म्हणते."

"बळीरामभाऊ," शाल्मली म्हणाली, "त्याले पाठीमागं मोकळी हवा लागते का नाही?"

"लागते थोडी. डबा गरम होते त्याचा."

"मंग तुमचं लेकरू झोपवाल का त्याच्याखाली, वर कापूस ठेवून?"

बळीराम शिडी शोधायला उठला.

"अन् उन्हाचं काय?" सदाशिवराव कडाडले. "भाजंल ना पोरगी! तिच्यासाठीच टाकला मी."

"माहीत हाय. म्हणूनच काढा म्हणते. घामोळं आलं तर मी ओलं फडकं फिरवीन, रात्रंदिवस वारा घालीन. हे पेटलं तर कायनं विझवू?"

"मी परत टाकतो."

"टाका. मी परत काढीन. तुम्ही रोज टाका, मी रोज काढीन."

ते पाय आपटत बाहेर गेले आणि ओट्यावर पाठ करून बसले. शाल्मलीनं पदर खोचला. टिन उचकटून बळीराम वरून कापूस लोटत होता, ती खाली चादरीत झेलत होती. जसजसं छत मोकळं झालं तसा हॉल तापत गेला. विमलताई पुटपुटल्या, "घे आता, बस शेकत." नयनचे गाल लाल झाले. शाल्मलीनं दर थोड्या वेळानं फडकं पिळून तिच्या अंगावरून फिरवलं आणि पुन्हा कापसाला लागली.

नवी वायर ओढून झाली. पाच एलईडी बसले. पाळण्यावरचा तेवढा राहिला होता. तेव्हा सदाशिवराव आत आले. कोणाशी न बोलता स्टुलावर चढले, भोकात कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपत राहिले. छताच्या पट्टीमागं अडकलेला एक बोळा हाताला लागला. तो त्यांनी खाली टाकून दिला. तार न काढता.

"आणखी हाय तिकडं, आतल्या अंगाले," ते छताकडेच पाहत म्हणाले. "टॉर्च धर व, शालू."

शाल्मलीनं नयनला सासूच्या कडेवर दिलं आणि टॉर्च धरला.